थ्रिलरची पहिली अडीच मिनिटं: विश्लेषणापासून चाचणीपर्यंत, पायरीपायरीने

लघुपटासाठी किंवा कॉलेजच्या मीडिया प्रोजेक्टसाठी केलेल्या थ्रिलरच्या सुरुवातीत एक चूक हमखास सापडते. कॅमेरा कसा फिरणार हे आधी ठरतं, आणि प्रेक्षकाला काय कळणार हे नंतर. मग टेकडीवरून ड्रोन, ओल्या रस्त्यावरचे बूट, घुमणारं संगीत आणि शेवटी किंकाळी असं सगळं जमतं, पण पुढे काय होईल ही ओढ काही लागत नाही. थ्रिलरची सुरुवात म्हणजे माहितीचं वाटप आहे. कोणाला, कधी, किती सांगायचं हे ठरलं की शॉट, प्रकाश आणि आवाज यांचे बरेचसे निर्णय त्यातूनच निघतात. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण घेतलं आहे. पुण्यातल्या पेठेतली लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. पहाटे दूधवाला जिना चढतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. कडीला कापडी थैली, आणि तिच्यात दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच पडलेल्या. तो तिसरी टाकतो, चौथ्या मजल्यावर जातो. परत उतरतो तेव्हा कुलूप जागेवर आहे आणि थैली रिकामी आहे.

## १. आधी एक ओपनिंग नीट सोडवा

स्वतःचं लिहिण्याआधी तुमच्या कल्पनेच्या जातीची किमान तीन ओपनिंग्ज सोडवून बघा. घरात घडणारी गोष्ट असेल तर घरातलीच निवडा. पाठलागाचं दृश्य अभ्यासून वाड्यातला शांत ताण हाती लागत नाही.

पहिलं काम म्हणजे हद्द ठरवणं. निर्मितीसंस्थांचे लोगो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, धूम्रपानाची सूचना यांची वेळ मोजू नका. पहिल्या चित्रापासून किंवा पहिल्या आवाजापासून मोजणी सुरू करा. काळ्या पडद्यावर आधी आवाज येत असेल तर तोही ओपनिंगचाच भाग. मुख्य प्रश्न मांडून झाला आणि जागा, काळ किंवा पात्र बदललं की तिथे थांबा. चित्रपटाचं नाव पडद्यावर येणं ही खूण बऱ्याचदा उपयोगी पडते, पण नेहमीच नाही.

मग चार वेळा बघा, आणि प्रत्येक वेळी एकच काम करा.

पहिल्यांदा न थांबवता बघा. संपल्यावर फक्त दोन गोष्टी लिहा: कोणता प्रश्न पडला आणि अंग कुठे आवळलं. हे टिपण जपून ठेवा, कारण पहिल्यांदा बघणं पुन्हा मिळत नाही. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद ठेवून बघा. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. चौथ्यांदा शॉटगणिक तक्ता भरा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं तर एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाचं दाबलं तर एक फ्रेम मागे जाता येतं. कट नेमका कुठे आहे हे असंच कळतं, अंदाजाने नाही.

तक्त्यात हे रकाने हवेत: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी, शॉटचा आकार (लांबचा, मधला की क्लोजअप), कॅमेऱ्याची हालचाल, आवाज, मिळालेली नवी माहिती, उभा राहिलेला प्रश्न. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण रिकामे सोडतात, आणि तक्ता भरण्याचं खरं कारण तर तेच दोन आहेत. एखाद्या शॉटसमोर दोन्हीकडे लिहायला काहीच नसेल तर तो शॉट तिथे का आहे हे शोधा. वेळ लांबवून ताण वाढवणं हेही उत्तर असू शकतं.

सावधान: एकूण सेकंद भागिले शॉट म्हणजे शॉटची सरासरी लांबी. १५० सेकंदांत २६ शॉट असतील तर सरासरी साधारण ५.८ सेकंद. पण नुसती सरासरी फसवते. वीस सेकंदांचा एक शॉट आणि त्यानंतर दोन-दोन सेकंदांचे दहा, ही रचना सरासरीत दिसतच नाही. लांबीचा क्रम लिहून काढा आणि ती अचानक कुठे तुटते तिथे खूण करा. माहितीचा मोठा बदल बहुधा तिथेच असतो.

## २. विश्लेषण लिहिताना

'कमी प्रकाशामुळे गूढ वातावरण तयार होते' हे वाक्य कोणत्याही थ्रिलरला लागू पडतं, म्हणून त्याचा उपयोग नाही. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी याव्यात: पडद्यावर नेमकं काय दिसलं, त्यामुळे प्रेक्षकाला काय कळलं किंवा काय कळलं नाही, आणि त्याचा ताणाशी संबंध काय. उदाहरणार्थ: 'सातव्या शॉटमध्ये प्रकाश फक्त कुलपावर आहे आणि जाळीमागचं दार अंधारात आहे. त्यामुळे घर रिकामं आहे असं आपण मानून चालतो, पण खात्री करता येत नाही.' असं लिहिलं की त्याच वाक्यातून स्वतःच्या शॉटसाठी प्रकाशयोजनाही मिळते.

लांबलचक एका शॉटच्या सुरुवातीबद्दल बोलताना 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) हमखास आठवतो. ऑर्सन वेल्सच्या या चित्रपटाचा पहिला शॉट न कापता तीन मिनिटांहून जास्त चालतो. नक्कल करणारे क्रेनची हालचाल उचलतात. पण शॉटच्या सुरुवातीलाच टायमर लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवला जातो. प्रेक्षकाला ते माहीत आहे, गाडीत बसणाऱ्यांना नाही, आणि न कापलेली वेळ म्हणजे बॉम्बचीच वेळ. बॉम्ब काढून टाका, मग उरते ती रस्त्यावरची गर्दी.

## ३. प्रश्न एका वाक्यात लिहा

आता स्वतःचं काम. ओपनिंग संपताना प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न राहायला हवा तो एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहा. 'एका घरात काहीतरी विचित्र घडतंय' हा प्रश्न नाही. 'कुलूप बाहेरून आहे, मग दूध घेतलं कोणी?' हा आहे.

तपासा: कथा माहीत नसलेल्या माणसाला परिस्थिती दोन वाक्यांत सांगून गप्प बसा. 'मग?' असं त्याने आपणहून विचारलं तर पुढे जा. तुम्हालाच 'म्हणजे ना, त्याचं असं आहे की' असं सुरू करावं लागलं तर प्रश्नावर परत या. पटकथा लिहू नका, शॉट तर नाहीच नाही.

## ४. माहितीचा तक्ता: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तीन उभे रकाने काढा: प्रेक्षकाला काय माहीत, पडद्यावरच्या पात्राला काय माहीत, लपलेल्या माणसाला काय माहीत. आडव्या ओळी म्हणजे घटना. प्रत्येक ओळीत कोण पुढे आहे ते लिहा.

आपल्या उदाहरणात कॅमेरा दूधवाल्याबरोबर चौथ्या मजल्यावर गेला, तर प्रेक्षक आणि दूधवाला बरोबरीने चालतात. रिकामी थैली दोघांना एकदमच दिसते. हे गूढ.

कॅमेरा तिसऱ्या मजल्यावरच थांबला, दूधवाल्याची पावलं वर जाताना ऐकू आली आणि आतलं दार किलकिलं होऊन जाळीतून एक हात थैलीकडे आला, तर प्रेक्षक पुढे गेला. आत कोणीतरी कोंडलेलं आहे हे आपल्याला कळलं, आणि दूधवाला शिट्टी वाजवत खाली निघून जातोय. हा ताण.

तिसरी शक्यता अशी: अगदी पहिल्या शॉटमध्ये कोणीतरी ते कुलूप लावून किल्ली खिशात टाकतं आणि शांतपणे जिना उतरतं. आता दूधवाल्याचा प्रत्येक साधा हावभाव जड होतो, कारण किल्ली कोणाकडे आहे हे आपण पाहिलेलं आहे.

तिन्हींत जागा, वस्तू आणि नट तेच आहेत, पण चित्रपट तीन वेगळे होतात. एकच निवडा. एकाच ओपनिंगमध्ये तिन्ही कोंबली तर प्रत्येक पुढची माहिती मागच्या माहितीची धार घालवते.

एकांकिका करून चित्रपटाकडे वळलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पुण्यात असे लेखक-दिग्दर्शक पुष्कळ आहेत, आणि संवादावरची त्यांची पकड खरोखर चांगली असते. रंगमंचावर शेवटच्या रांगेला कुलूप दिसत नाही, म्हणून 'अरे, दोन दिवस झाले, दार बंदच आहे' हे कोणीतरी बोलावं लागतं. कॅमेऱ्याला त्याची गरज नाही. दुधाची एक पिशवी फुगलेली दाखवली की दोन दिवस उलटल्याचं कळतं. संवादाचं प्रत्येक वाक्य वाचा आणि हीच गोष्ट एखाद्या वस्तूतून दाखवता येईल का ते बघा.

## ५. सेकंदांचं अंदाजपत्रक

पहिल्या, म्हणजे गूढ रूपासाठी १५० सेकंद असे वाटता येतील:

- ० ते २५: गल्ली, क्रेट, जिना, खालच्या मजल्यांवर नेहमीप्रमाणे दूध. रोजचं चित्र आधी दिसलं नाही तर बिघाड ओळखू येत नाही.
- २५ ते ५५: कुलूप, थैली, फुगलेली पिशवी.
- ५५ ते ९०: तिसरी पिशवी, चौथा मजला, खालून आलेला एक बारीक आवाज.
- ९० ते १२५: उतरणं, रिकामी थैली.
- १२५ ते १५०: दूधवाल्याचा चेहरा, कुलूप, चित्रपटाचं नाव.

पहिला भाग फुगतो, हा नेहमीचा अनुभव. गल्लीचे सुंदर शॉट मिळालेले असतात आणि ते काढवत नाहीत. पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास पहिली खटकणारी गोष्ट आलीच पाहिजे.

## ६. शॉट-लिस्ट आणि जिन्याची दिशा

आता शॉट. प्रत्येक शॉटसमोर माहितीच्या तक्त्यातली ओळ लिहा. ज्याला ओळच नाही तो तूर्त बाजूला ठेवा. २६ शॉट, छोटी टीम आणि अरुंद जिना असेल तर दिवसाला १२ ते १५ शॉट धरा, म्हणजे दोन दिवस. एका दिवसात उरकायचा हट्ट धरला तर बळी जातो तो क्लोजअपचा, कारण ते शेवटी राहतात. इथे तर कुलूप, थैली आणि पिशव्यांचे क्लोजअप हीच गोष्ट आहे. ते पहिल्या दिवशीच घ्या.

मजल्याचा वरून दिसणारा नकाशा काढा आणि त्यावर कॅमेऱ्याच्या जागांना क्रमांक द्या. जुन्या इमारतींचा जिना प्रत्येक टप्प्यावर उलट वळतो. त्यामुळे डावीकडून उजवीकडे चढणारा माणूस पुढच्या टप्प्यावर उजवीकडून डावीकडे चढताना दिसतो, आणि दोन शॉट थेट जोडले तर तो परत फिरला असं वाटतं. दोन उपाय आहेत: वळणावर तो वळताना दिसेल असा एक शॉट, किंवा समोरून कॅमेऱ्याकडे येणारा शॉट, ज्याला डावं-उजवं नसतं. चढणं आणि उतरणं सहज ओळखू यावं म्हणून चढताना कॅमेरा खालून, उतरताना वरून, असा साधा नियमही चालतो.

## ७. रेकी आणि परवानग्या

रेकी म्हणजे शूटिंगच्या जागेची आधी केलेली पाहणी. ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी जागा बघा. दुपारी पाहिलेला जिना पहाटे वेगळा असतो: पाण्याची मोटर, शेजारचा कुकर, देवळातली काकड आरती, कोंबडा. प्रत्येक आवाज किती वाजता सुरू होतो आणि किती वेळ चालतो ते लिहा. पुण्यात देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचं असेल तर बहुधा गुरुवार गाठला जातो, म्हणून शूटिंगला तो वार टाळा.

पहाटेचा निळा उजेड फार थोडा वेळ टिकतो. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्याआधीची साधारण २०-२५ मिनिटंच कामाची असतात. तेवढ्यात बाहेरचे तीन-चार शॉट होतील, जास्त धरू नका. जिन्यातले शॉट खिडक्यांना काळं कापड लावून दिवसा घेता येतात.

परवानगी लेखी घ्या. इमारतीसाठी सोसायटीचे सेक्रेटरी किंवा घरमालक. रस्त्यासाठी महापालिका आणि पोलीस. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस या जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत; तिथे ट्रायपॉड लावून शूटिंग करायचं तर त्यांची परवानगी लागते. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा, कारण लोहगावला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ आहे.

सावधान: किंकाळी, चाकू, खोटं पिस्तूल, नकली रक्त यांपैकी काहीही असेल तर जवळच्या पोलीस चौकीला आणि आजूबाजूच्या घरांना आधी सांगा, आणि जिन्याच्या तोंडाशी सूचनेचा कागद चिकटवा. पहाटे साडेपाचला किंकाळी ऐकून कोणी ११२ ला फोन केला तर ते बरोबरच करतील.

## ८. वस्तूंची तयारी

ही गोष्ट दुधाच्या पिशव्यांवर उभी आहे, म्हणून त्यांचं नियोजन नटाइतकंच गंभीरपणे करा. गोष्टीत तीन दिसतात, पण किमान दहा आणा, पिशव्या फुटतात. पिशवीवर कंपनीचं नाव आणि तारीख छापलेली असते, आणि दोन दिवसांच्या पिशव्यांवर एकच तारीख दिसली तर सगळं कोसळतं. मागची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा किंवा स्वतः छापलेलं लेबल लावा. फुगलेल्या पिशवीसाठी दूध खरोखर नासवू नका. सिरिंजने हवा भरा आणि छिद्रावर मागून पारदर्शक चिकटपट्टी लावा. ताज्या पिशवीवरचे थेंब नुसत्या पाण्याचे ठेवले तर दिव्याखाली लगेच सुकतात. ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारा, थेंब टिकतात. जिन्याच्या पायरीवर मात्र ते सांडू देऊ नका, पाय घसरतो.

प्रत्येक कटनंतर थैलीचा, कुलपाच्या कोनाचा आणि नटाच्या हातातल्या वस्तूंचा मोबाइलवर फोटो काढा. हे काम एकाच माणसाकडे द्या.

## ९. शूटिंग: अंधार दाखवा, चित्र काळं करू नका

अंधार म्हणजे कमी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात कमी उजेड घेणं, हा समज सगळ्यात महागात पडतो. सगळं चित्रच अंधुक टिपलं तर एडिटिंगमध्ये उजळताना दाणे येतात, आणि यूट्यूबवर चढवल्यावर काळ्या भागात पट्टे दिसतात. चौकटीत एक उजळ गोष्ट ठेवा: जिन्यातला दिवा, दाराखालची प्रकाशाची फट, गल्लीतला खांब. चेहरा त्याच्यापेक्षा एक ते दोन स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). उजेड आणि काळोख शेजारी असले की डोळा काळोख मान्य करतो. दुधाची पिशवी पांढरी असल्याने पटकन जळते, म्हणजे अति उजेडाने तिचा तपशील पुसला जातो. झेब्रा, म्हणजे जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय, चालू ठेवा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं तर ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. २४ फ्रेमवर शूट करत असाल तरी शटर १/४८ ऐवजी १/५० ठेवा. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकू शकतो, म्हणून रेकीच्या वेळीच प्रत्येक दिव्याखाली दहा सेकंद रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), फोकस, एक्स्पोजर यांतलं काहीही ऑटोवर नको.

आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ही सेटिंग. बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. घरघरीमुळे फ्रिज बंद करावा लागला तर गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचं विसरणार नाही. प्रत्येक जागेवर सगळ्यांना स्तब्ध उभं करून एक मिनिटाचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांत आवाज, घ्या. नंतर कॅमेऱ्याशिवाय नुसते आवाज टिपा: कुलूप कडीवर आपटताना, प्लास्टिकची चुरचुर, चपला, क्रेट खाली ठेवताना. चौथ्या मजल्यावर ऐकू येणारा तो बारीक आवाज याच चुरचुरीतून बनणार आहे, म्हणून तो जवळून आणि दोन मजले दूरवरून असा दोन्हीकडून घ्या.

तपासा, जागा सोडण्याआधी: कुलपाचा क्लोजअप, भरलेल्या थैलीचा, रिकाम्या थैलीचा, दूधवाल्याच्या चेहऱ्याचा, आणि रूम टोन. पाचही ऐकून-बघून झाल्याशिवाय दिवे उतरवू नका.

## १०. एडिटिंग: संगीत सगळ्यात शेवटी

पहिला कट संगीताशिवाय लावा. संगीत आधी घातलं की ढिला कटही बरा वाटतो आणि दोष झाकला जातो. पहिल्या कटमध्ये ताण जाणवत नसेल तर माहितीच्या तक्त्याशी ताडून बघा. बहुतेक वेळा एखादा शॉट लवकर येऊन उत्तर फोडतो. रिकाम्या थैलीआधी दूधवाल्याचा दचकलेला चेहरा दाखवला, तर थैली पाहण्याआधीच आपल्याला कळलेलं असतं. आधी थैली, मग कुलूप, मग चेहरा.

शांतता हवी तिथे ट्रॅक पूर्ण रिकामा ठेवू नका. आवाज शून्यावर गेला की स्पीकर बिघडला असं वाटतं. रूम टोन ठेवा आणि त्यातला एखादा सततचा आवाज, समजा मोटरची घरघर, नेमक्या क्षणी थांबवा.

श्रेयनामावली महत्त्वाची वस्तू दिसत असलेल्या शॉटवर टाकू नका. डोळा आधी अक्षरांकडे जातो. प्रत्येक नाव मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. पाच-सहा शब्दांना किमान तीन सेकंद. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. रफार, वेलांट्या आणि शिरोरेषेवरच्या मात्रा कापल्या गेल्या नाहीत ना, ते प्रत्येक नावात स्वतंत्र बघा.

## ११. चाचणी

कथा माहीत नसलेल्या पाच जणांना वेगवेगळं बसवून दाखवा. नाव पडद्यावर आलं की थांबवा. 'आवडलं का' विचारू नका, लोक मन राखतात. तीनच प्रश्न विचारा: काय घडलं ते सांग. आता तुला काय जाणून घ्यायचं आहे? कुठे लक्ष उडालं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर वस्तू नीट दिसलेली नाही: क्लोजअप लांबवा किंवा तो शॉट पुन्हा घ्या. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तिसऱ्या पायरीत लिहिलेला प्रश्न आला नाही, तर माहितीचा क्रम बदला. इथे नवं संगीत किंवा ग्रेडिंग (रंग-उजेडाची सुधारणा) कामाला येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला तिघांनी एकच जागा सांगितली तर तिथले दोन-तीन सेकंद कापा आणि नव्या पाच जणांना दाखवा. आधीच्यांना आता कुलपाच्या आत कोण आहे याचा अंदाज आलेला असतो.